शालनमावशींचा शनिवार

शालनमावशी ‘मी जाते’ असं कधी म्हणत नसत. ‘मी जातो’, ‘मी आलो’, ‘मी जेवलो’. कोल्हापूरकडच्या बायका असं बोलतात हे मी नाशिकला असताना नुसतं ऐकून होते. प्रत्यक्ष कानावर पडलं ते मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या एका पार्किंग लॉटमध्ये, बर्फात सपाता घालून कुडकुडत उभी असताना.

मी पीएच.डी.ला आले त्यानंतरचा तो पहिला हिवाळा. रविवारी आमटी करायला घेतली, तेल जरा जास्त तापलं, मोहरी-हिंग पडल्यावर भसकन धूर झाला आणि अख्ख्या बिल्डिंगचा फायर अलार्म वाजायला लागला. सगळे बाहेर. कुणी बाळाला घेऊन, कुणी मांजराला. फायर ब्रिगेडची गाडी आली. मी कोपऱ्यात उभी होते आणि कुणाकडे बघत नव्हते. तेवढ्यात जाड कोट, कानटोपी आणि पायात व्यवस्थित बूट घातलेली एक बाई माझ्याजवळ आली. केस पांढरे, बारीक कापलेले.

“तू वरची ना? मी खालच्या मजल्यावर राहतो,” त्या मराठीत म्हणाल्या. “फोडणी कशाची होती?”

“आमटीची.”

“बरं. आता आमटी काही होत नाही. चल, जेवून येऊया. हे लोक तासभर आत सोडत नाहीत.”

मी पायाकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

“गाडीत जादाचे बूट आहेत. मोठे होतील. चालायचं थोडंच आहे.”

त्यांनी मला फो, म्हणजे व्हिएतनामी नूडल्सचं सूप, खायला नेलं. एरवी त्या शनिवारी जात. त्या आठवड्यात माझ्यामुळे दोनदा जाणं झालं, हे त्यांनी मला पुढे बऱ्याचदा ऐकवलं.

ते रेस्टॉरंट एका साध्या स्ट्रिप मॉलमध्ये होतं. एका बाजूला पैसे टाकून कपडे धुवायचं लाँड्रोमॅट, दुसऱ्या बाजूला टायरवाला. आत फॉर्मायकाची टेबलं, प्रत्येकावर काड्यांचा डबा, चमच्यांचा डबा, लाल सॉस, काळा सॉस आणि कागदी रुमाल. भिंतीवर एक टीव्ही, बहुतेक वेळा आवाज बंद. दारातून आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि भाजलेलं आलं, कांदा, दालचिनी, चक्रफूल असा एकत्र वास यायचा. रेस्टॉरंटच्या नावाच्या शेवटी एक आकडा होता. तो कशाचा, असं मावशींनी मालकिणीला एकदा विचारलं होतं. मालकीण म्हणाली, आधीच्या मालकाने घातला होता, पाटी बदलायचा कंटाळा आला.

मालकिणीचं नाव मिसेस लान. बुटकी, चपळ बाई. आत नवरा रांधायचा, बाहेरचं सगळं ती बघायची. मावशींचं टेबल ठरलेलं होतं, स्वयंपाकघराच्या दारालगतचं. तिथे कुणी बसायला तयार नसे, कारण दार सारखं उघडझाप व्हायचं. मावशींना ते आवडायचं. “इथे बाउल गरमागरम येतो,” एवढंच कारण.

तिथे बसल्यावर त्यांचे नियम लागू व्हायचे. बाउल समोर आला की आधी सूप नुसतं चाखायचं, चमच्याने, काही न घालता. मग लिंबू, मग हाताने तोडून तुळशीसारखी ती पानं, मग मुगाचे मोड, मग मिरचीची चकती. लाल सॉस थेट सूपमध्ये ओतणाऱ्या माणसाचा हात त्यांनी माझ्यासमोर दोनदा तरी धरला असेल. निम्मा बाउल संपेपर्यंत बोलायचं नाही. “नूडल्स फुगतात,” त्या सांगत. “बोलणं फुगत नाही. ते नंतर चालतं.” फोटो काढलेलाही त्यांना खपत नसे. आणि ‘फो’ हा शब्द प्रश्न विचारल्यासारखा, शेवटी सूर वर नेऊन म्हणायचा, असा त्यांचा आग्रह. मिसेस लानकडून त्यांनी तो घोटून घेतला होता. शनिवारी त्यांच्याबरोबर जाणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांपैकी कुणी तसं म्हटलं की मिसेस लान तोंड फिरवून हसायची, त्यामुळे तो बरोबर होता की नाही, मला अजून माहीत नाही.

त्या चिकनचा फो घेत. बीफ खात नसत. त्यावर कुणी धर्माचं काही बोलायला लागलं की म्हणत, “कारण काही नाही. नाही खात.” केतकी नावाची आमच्यातली एक मुलगी शाकाहारी होती. मेनूवर टोफूचा फो बघून ती खूश झाली. मावशींनी मिसेस लानला तिथल्या तिथे विचारलं, सूप कशाचं? मिसेस लान म्हणाली, सूप सगळं हाडांचंच, टोफू फक्त वर घालतो. मावशींनी ते केतकीला जसंच्या तसं सांगितलं. केतकीचा चेहरा उतरला. “तुला न सांगता खाऊ घातलं असतं तर तू आवडीने खाल्लं असतंस,” मावशी म्हणाल्या, “पण ते काही बरं नाही.” मग मिसेस लानने तिच्यासाठी कोरड्या शेवयांवर पाला, काकडी, दाणे आणि तळलेला टोफू असं काहीतरी करून आणलं. केतकी जितकी वर्षं ॲन आर्बरला होती तितकी वर्षं तेच खात होती.

मावशी जवळच्याच एका कम्युनिटी कॉलेजमध्ये गणित शिकवत. मी भेटले तेव्हा निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. दुसऱ्यांदा शिकायला आलेले लोक, ट्रकवाले, आया, सैन्यातून परतलेले, असे त्यांचे विद्यार्थी. रस्त्यात, दुकानात कुणीतरी हमखास भेटायचं आणि “मिस मोरे” म्हणून हाक मारायचं. त्यांतल्या निम्म्यांना त्यांनी कधी ना कधी नापास केलेलं असायचं. ते हसत सांगायचे, त्याही हसत ऐकायच्या.

लग्न करून त्या इथे आल्या होत्या. पुढे नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. त्याबद्दल मी त्यांच्या तोंडून ऐकलं ते इतकंच: “आमचं जमलं नाही. तो वाईट नव्हता. मी पण वाईट नव्हतो.” मात्र ‘काकू’ म्हणू द्यायच्या नाहीत. कुणी नवीन मुलगा काकू म्हणाला की म्हणत, “काकू म्हणायला काका लागतात. मावशी म्हण. मावशीला काही लागत नाही.”

मुलगी एक, रेवा. इथेच जन्मलेली, वकील. सिअ‍ॅटलला गरीब आरोपींचे खटले सरकारी खर्चाने लढवायची. रेवा कॉलेजला गेली त्याच्या पहिल्याच शनिवारी मावशी कपडे धुवायला त्या लाँड्रोमॅटमध्ये गेल्या होत्या, कारण बिल्डिंगचं मशीन बंद पडलेलं. “ड्रायर फिरेपर्यंत काय करायचं, म्हणून शेजारी शिरलो,” त्या सांगत. “घरी जाऊन तरी कुणाशी बोलणार होतो?” मशीन दुरुस्त झालं, शनिवार मात्र तसाच चालू राहिला.

मावशींना तुलना केलेली चालायची नाही. एकदा महाराष्ट्र मंडळातले एक काका आमच्याबरोबर आले. सूप चाखून म्हणाले, “अहो, हा तर आपला पांढरा रस्साच की. तुम्हाला कोल्हापूरची आठवण येत असणार.”

“नाही येत,” मावशी म्हणाल्या. “पांढरा रस्सा वेगळा, हे वेगळं. प्रत्येक गोष्ट आपल्यासारखी कशाला असायला पाहिजे?”

काका जरा ओशाळले. मावशींनी त्यांच्यापुढे लिंबाची फोड सरकवली. “पिळा. आणि परत चाखा.”

पण पुढच्याच शनिवारी त्या घरून स्टीलच्या डब्यात पांढरा रस्सा घेऊन आल्या आणि मिसेस लानसमोर ठेवला. मला वाटतं, काकांचं बोलणं कुठेतरी मनात राहिलं असावं. मिसेस लानने उभ्याउभ्या एक चमचा घेतला, दुसरा घेतला, डबा आत नेला, नवऱ्याला दिला, आणि बाहेर येऊन म्हणाली, “टू मच कोकोनट.”

मी मावशींकडे बघितलं. त्या खूश झाल्या होत्या.

“खरं बोलली,” त्या म्हणाल्या. “आपल्यात कुणी बोललं नसतं. डबा भरून नेला असता आणि वाहवा केली असती.”

त्यानंतर कधीतरी मिसेस लानने नारळाच्या दुधात शिजवलेल्या केळ्यांची वाटी आणून ठेवली. मावशी एक घास खाऊन म्हणाल्या, “टू स्वीट.” मिसेस लानने मान हलवली आणि वाटी परत नेली. इतकी वर्षं गिऱ्हाईक आणि मालकीण असलेल्या या दोघी त्या दिवसापासून मैत्रिणी झाल्या असं मी धरून चालते. दोघींना एकमेकींच्या आयुष्याची फारशी माहिती नव्हती. दोघींचं इंग्लिश आपापल्या पद्धतीचं. तरी मावशी आत शिरल्या की मिसेस लान हातातलं सोडून आधी त्यांच्याकडे बघायची, आणि मगच पुढच्या कामाला लागायची.

आमच्या लॅबमध्ये अनिरुद्ध नावाचा नागपूरचा मुलगा होता. हुशार, बडबड्या. पीएच.डी.च्या मधल्या परीक्षेत तो नापास झाला आणि त्याला मास्टर्स घेऊन बाहेर पडा असं सांगण्यात आलं. त्याची बडबड थांबली. घरी त्याने काहीच सांगितलं नव्हतं. दर रविवारी आईवडिलांशी व्हिडिओ कॉल व्हायचा आणि हा लॅबच्या गोष्टी रचून सांगायचा. मला काळजी वाटायला लागली तेव्हा मी त्याला शनिवारी सोबत नेलं. मावशींच्या कानावर आधीच थोडक्यात घातलं होतं.

टेबलाशी बसल्यावर मावशींनी विचारलं, “घरी सांगितलंस?”

“नाही अजून.”

“कधी सांगणार?”

“जॉब लागला की. म्हणजे एकदम चांगली बातमी...”

“आणि तोपर्यंत?”

तो डब्यातल्या काड्या सारख्या करायला लागला.

“आत्ता भारतात रात्रीची जेवणं होऊन लोक टीव्हीसमोर बसले असतील,” मावशी म्हणाल्या. “बाहेर जा. फोन कर. परत आलास की जेवू.”

“मावशी, प्लीज यार...” म्हणता म्हणता त्याने जीभ चावली.

“जा की,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

तो उठला. कोट घ्यायला विसरला. काचेतून आम्हाला तो दिसत होता, गाड्यांच्या मधून येरझाऱ्या घालत, एक हात कानाला, दुसरा खिशात. आमचे बाउल तयार झाल्याचा आवाज आतून आला. मावशी उठून दारापर्यंत गेल्या आणि मिसेस लानला म्हणाल्या, त्या मुलाच्या बाउलमध्ये सूप ओतू नका, तो आला की ओता. मिसेस लानने काचेतून बाहेर बघितलं. मग तिने आमचंही सूप ओतलं नाही. तीन बाउल, कोरड्या नूडल्स, वर चिकन आणि कांद्याची पात, तसेच आतल्या ओट्यावर थांबले. जवळच्या टेबलावरच्या लोकांचं खाऊन झालं, ते उठून गेले. मावशी भिंतीवरचा टीव्ही बघत बसल्या. त्यावर कुठला तरी गाण्याचा कार्यक्रम चालू होता, बिनआवाजाचा.

अनिरुद्ध आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तो बसला.

“बाबा म्हणाले, मला वाटतच होतं,” तो म्हणाला. “म्हणे, तुझा आवाज महिनाभर खोटा येत होता. आई रडली. मग बाबा म्हणाले, ठीक आहे, पुढे काय करायचं ते बोलू.”

मावशींनी आत हात केला. उकळतं सूप ओतल्याचा आवाज आला आणि बाउल आले. त्या दिवशी निम्मा बाउल संपेपर्यंत तर सोडाच, पूर्ण संपेपर्यंत कुणी बोललं नाही. अनिरुद्ध आज शिकागोला एका हॉस्पिटलमध्ये डेटाचं काम करतो. चांगलं चाललंय त्याचं.

मावशींच्या आजाराची बातमीसुद्धा मला त्याच टेबलावर कळली. त्यांनी नियम मोडला नाही. निम्मा बाउल झाल्यावर म्हणाल्या, “माझ्या घशात काहीतरी निघालंय. कॅन्सर आहे. ते लिंबू दे इकडे.”

मी लिंबू दिलं. त्यांनीच पुढे सांगितलं, रेडिएशन द्यायचं आहे, रोज, काही आठवडे. बरा होण्यासारखा आहे म्हणतात. पण गिळता येणार नाही काही दिवस, चवही जाईल. पोटात नळी बसवतील. “म्हणून आज कोंबडीचे दोन्ही पाय खाऊन घेतो,” असं म्हणून त्यांनी मिसेस लानला चिकनचे आणखी दोन तुकडे मागितले.

रेवा सिअ‍ॅटलहून आली आणि ऑफिसचं काम इथूनच करत आईजवळ राहिली. उंच, धीट मुलगी. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्लिशमध्ये. मायलेकींचं प्रेम होतं, पण दोघीही हेका सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. नळीने घालायच्या दुधाळ द्रवाच्या डब्यांवरून, औषधांच्या वेळांवरून, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून त्यांची वादावादी माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायची. मावशींचा आवाज हळूहळू खरखरीत झाला, मग कुजबुजण्याएवढा उरला. रेवाचा तेवढाच राहिला.

रेडिएशन संपत आलं त्या सुमारास एका शनिवारी मावशी कोट घालून दाराशी उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे काही सामान द्यायला गेले होते.

“चल,” त्या कुजबुजल्या. “शनिवार आहे.”

रेवा म्हणाली, “मॉम, यू कान्ट ईट. तिथे जाऊन काय करणार?”

“बसणार.”

“लोकांना खाताना बघत? धिस इज टॉर्चर.”

“तुला टॉर्चर वाटत असेल तर तू घरी बस. मी मंजिरीबरोबर जातो,” माझ्याकडे बोट करत त्या म्हणाल्या.

रेवा आली. तिला पहिल्यापासून त्या सुपाचा वास आवडायचा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्या दोघी समोरासमोर बसल्या, मी मध्ये. मिसेस लानने मावशींकडे बघितलं. मावशी निम्म्याने वाळल्या होत्या, गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळवंडली होती. मिसेस लानने दोन बाउल आणून माझ्यापुढे आणि रेवापुढे ठेवले. मावशींनी स्वतःसमोरच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. मिसेस लान थबकली, आत गेली आणि तिसरा बाउल घेऊन आली.

मावशींनी चष्मा काढून ठेवला आणि वाफेवर चेहरा धरला. डोळे मिटून बराच वेळ तशाच होत्या. रेवाने काड्या खाली ठेवल्या. ती रडते आहे हे मला दिसत होतं, पण तिने आवाज होऊ दिला नाही. मग मावशींनी डोळे उघडून तिच्या बाउलकडे बघितलं आणि कुजबुजल्या, “फुगतंय ते.”

रेवाने खाल्लं. सगळं. नाक पुसत पुसत खाल्लं.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही तिघी जायचो. मावशींसमोर बाउल यायचा, गार व्हायचा आणि डब्यात भरून घरी यायचा. तो रेवा रात्री खायची. तिला तो आवडायला लागला होता, पण हे तिने आईजवळ कबूल केलेलं मी ऐकलं नाही.

खरी लढाई पुढे होती. बरेच दिवस न गिळल्यामुळे घशाचे स्नायू गिळणं विसरतात. ते परत शिकवावं लागतं. हॉस्पिटलमधली एक थेरपिस्ट व्यायाम द्यायची आणि मग एक्स-रेच्या मशीनसमोर बसवून पांढरं औषध मिसळलेलं पाणी प्यायला लावायची. ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातंय का, हे पडद्यावर दिसायचं. पहिल्या वेळी गेलं. दुसऱ्या वेळीही गेलं. नळी काढायला, तोंडाने काही घ्यायला परवानगी मिळाली नाही.

“दोनदा नापास,” मावशी मला म्हणाल्या. “आता कळलं पोरांना कसं वाटत होतं ते.” आणि थोडं थांबून, “तिसऱ्यांदा पण बसणार.”

त्यांनी व्यायाम कसा केला ते मी पाहिलं आहे. जीभ दातात धरून आवंढा गिळायचा. मान उशीवरून उचलून धरायची. ‘ई’ असा उंच सूर काढायचा. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्या हे सगळं करत, दिवसातून कितीतरी वेळा, न कंटाळता, मध्येच थांबून खोकत, परत करत. एकदा मी जिन्यावरून खाली येत असताना तो ‘ई’ ऐकू आला आणि त्याच्यामागोमाग रेवाचाही. ती आईबरोबर सूर लावत होती. दोघींचे सूर अजिबात जुळत नव्हते.

तिसऱ्यांदा त्या पास झाल्या. पातळ, गाळलेलं, कोमट, थोडं थोडं, एवढीच परवानगी होती. शनिवारी मावशींनी ते मिसेस लानला सांगितलं. मिसेस लान आत गेली आणि बऱ्याच वेळाने भात खायची छोटी वाटी घेऊन आली. त्यात नुसतं सूप, फडक्यातून गाळलेलं, वर तेलाचा थेंब नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा नवराही हात पुसत बाहेर येऊन दारात उभा राहिला.

मावशींनी हनुवटी छातीकडे घेतली, शिकवल्याप्रमाणे. अर्धा चमचा तोंडात. थांबल्या. गिळलं. खोकला आला नाही. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. मग दुसरा अर्धा चमचा.

“हाऊ इज इट?” मिसेस लानने विचारलं.

मावशींनी विचार केला. “हॉट वॉटर,” त्या म्हणाल्या.

मिसेस लानने मान हलवली, जणू हेच उत्तर तिला अपेक्षित होतं. “ओके. नेक्स्ट वीक,” ती म्हणाली आणि वाटी उचलून घेऊन गेली.

पुढच्या शनिवारी गरम पाणी. त्याच्या पुढच्या शनिवारीही गरम पाणी. बाहेर बर्फ वितळला, झाडांना पालवी आली, नळी निघाली, रेवा कामासाठी सिअ‍ॅटलला जाऊन-येऊन राहायला लागली. मावशी वाटीवरून निम्म्या बाउलपर्यंत आल्या, नूडल्स कात्रीने बारीक कापून खायला लागल्या. पण दर वेळी विचारलं की उत्तर तेच. आम्ही विचारणं सोडून दिलं. चव येईलच असं डॉक्टरही म्हणत नव्हते.

मग एकदा, मी केतकीच्या लग्नाचं काहीतरी सांगत होते, त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चमचा तोंडातून काढला. परत भरला, परत तोंडात घेतला.

“चक्रफूल,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“चक्रफूल लागलं. बाकी काही नाही. नुसतं चक्रफूल.”

त्यांनी मिसेस लानला बोलावून बरंच समजावलं, पण इंग्लिश शब्द आठवेना. शेवटी कागदी रुमालावर आठ पाकळ्यांचं फूल काढून दाखवलं. मिसेस लान त्या चित्राकडे बघत राहिली. मग तिने मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत जाऊन नवऱ्याला तिच्या भाषेत मोठ्याने काहीतरी सांगितलं. आतून भांडं आपटल्याचा आणि हसण्याचा आवाज आला.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या वर्षी स्कॅनमध्ये फुप्फुसात डाग दिसले. मावशींनी या वेळी वेगळं ठरवलं. जमेल तेवढं औषध घ्यायचं, पण परत नळी नाही. आणि रेवाकडे जाऊन राहायचं. हा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. रेवाने वर्षभर विनवूनही न ऐकलेल्या मावशी एका सकाळी उठून तिला म्हणाल्या, “मी येतो तुझ्याकडे. पण विमानाने नाही. इतकी वर्षं या देशात राहिलो, शिकागोच्या पलीकडे काही बघितलं नाही. गाडीने येतो.”

सिअ‍ॅटलला त्या दीड वर्ष राहिल्या. त्या तिकडे गेल्यावर लवकरच मीही नोकरीसाठी न्यू जर्सीला, पार्सिपनीला आले. आम्ही फोनवर बोलायचो. त्या नदीचं, डोंगराचं, रेवाच्या कुत्र्याचं सांगायच्या. गेल्या त्या झोपेत, घरी. रेवाने मला फोन केला आणि पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली. “आई गेली,” एवढं एकच वाक्य, आणि पुढचं सगळं इंग्लिशमध्ये. मला जाता आलं नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या ॲन आर्बर सोडून निघाल्या तेव्हाच.

निघायच्या दिवशी शनिवार नव्हता. मधलाच कुठला तरी वार. सामान भरलेली गाडी रेस्टॉरंटसमोर उभी होती. त्या आत जाऊन जेवल्या, निम्म्याहून थोडं जास्त. मिसेस लानने रस्त्यासाठी काही बांधून दिलं नाही. नूडल्स बांधून नेण्यात अर्थ नसतो, हे दोघींनाही माहीत होतं. ती ॲप्रनवरच बाहेर आली. रेवा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडत होती.

“इकडे दे किल्ली,” मावशी म्हणाल्या. “शिकागोपर्यंत मी चालवतो.”

“मॉम, नो.”

“शिकागोपर्यंत.”

रेवाने माझ्याकडे बघितलं, मिसेस लानकडे बघितलं. कुणी तिच्या मदतीला आलं नाही. तिने किल्ली दिली आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. मावशींनी सीट पुढे ओढली, आरसा ठीक केला, काच खाली केली.

मिसेस लान काचेशी वाकली. “सिअ‍ॅटल हॅज गुड फो,” ती म्हणाली. “बेटर दॅन हिअर.”

“आय नो,” मावशी म्हणाल्या.

मला त्या म्हणाल्या, “येतो मी.” गाडी लॉटमधून रस्त्याच्या तोंडाशी गेली. डावीकडे वळायचं होतं आणि दोन्ही बाजूंनी गाड्यांची रांग लागलेली. इंडिकेटर लुकलुकत राहिला. त्यांचं पांढरं डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळताना मागून दिसत होतं. मग मध्ये एक फट पडली, आमच्या मते पुरेशी नव्हती, आणि त्यांनी गाडी घातली. कुणीतरी हॉर्न वाजवला. त्या सिग्नल पार करून गेल्या.

मिसेस लान गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. मग ॲप्रनला हात पुसत म्हणाली, “शी ड्राइव्ह्ज टू फास्ट,” आणि आत गेली. आत गिऱ्हाइकं बसली होती.